लागू नसेल ते खोडा

मार्च महिन्यात आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या संमतीचा फॉर्म घरी आला. इमारत डोंबिवली पूर्वेची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्रे. फॉर्म इंग्रजीत होता. त्यात जागोजागी 'आय/वी' आणि 'माय/अवर' असं तिरकी रेघ देऊन छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती, लागू नसेल ते खोडा. बाबांनी चष्मा लावला आणि आधी 'वी' खोडलं. मग 'अवर' खोडलं. पाच ठिकाणी 'अवर' होतं, पाचही ठिकाणी पट्टी धरून खोडलं. त्यांची सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली, त्यामुळे खाडाखोडसुद्धा सरळ रेषेत.

आई समोर बसून मटार सोलत होती. तिने विचारलं, "काय खोडलंत एवढं?"

"आमचं खोडलं. माझं ठेवलं. करारनाम्यावर माझं एकट्याचं नाव आहे ना."

"मग आमचं छापलंय कशाला?"

"दोघांची नावं असतात त्यांच्यासाठी."

आई "बरं" म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

हा प्रसंग माझ्या लक्षात राहिला, कारण नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये मी या दोन शब्दांवरून तोंडघशी पडले होते. तिथे माझी चूक उलटी होती. मी 'माय' खोडून सगळीकडे 'अवर' ठेवलं होतं.

*

मी मराठी माध्यमातली. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवायला लागले आणि मी २००३ साली पहिलीत गेले. म्हणजे माय, युअर, हिज, हर या शब्दांशी माझी ओळख वयाच्या सहाव्या वर्षापासूनची. पुढच्या एका इयत्तेत बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. पहिल्या रकान्यात माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर. दुसऱ्यात माइन, युअर्स, हिज, हर्स, अवर्स, देअर्स. पुढे नाम असेल तर पहिला रकाना, नाम नसेल तर दुसरा. 'धिस इज माय बॅग', पण 'धिस बॅग इज माइन'. 'हिज' दोन्हीकडे सारखाच. 'इट्स'च्या समोरची जागा बाईंनी रिकामी सोडली होती, कारण इंग्रजी माणूस ती जवळजवळ वापरतच नाही. मला या धड्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

मार्क आणि वापर यांच्यातलं अंतर नोकरीत कळलं. पहिल्याच वर्षी रात्री दीड वाजता एक सर्व्हर बंद पडला आणि मी झोपेत परदेशी क्लायंटला मेल लिहिला. सर्व्हर लॉस्ट 'हिज' कनेक्शन, आणि फाईल 'हर' फोल्डरमध्ये नाही. क्लायंटने उत्तरात विचारलं, हे दोघं कोण, आणि सध्या त्यांचं पटत नाही का? तो मेल टीममध्ये फिरला. पुढचे सहा महिने सर्व्हर पडला की कुणीतरी म्हणायचं, "अगं, तुझे ते रुसले बघ." मी हसायचे. घरी येताना लोकलमध्ये मात्र ते वाक्य मनात घोळत राहायचं. चूक सहावीतली होती आणि माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती.

मग एका रविवारी वही घेऊन बसले. बग सापडला की तो कुठून आला हे शोधायची सवय असते, तसंच हे.

सर्व्हर म्हणजे तो. त्याचं कनेक्शन. फाईल म्हणजे ती. तिचं फोल्डर. मराठीत निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, आणि आपण बाहेरून आलेल्या शब्दाला दारातच लिंग देऊन टाकतो. तो माऊस, ती स्क्रीन, ते बटण. हे एक कारण झालं. दुसरं जरा खोल आहे. 'ते मूल' आणि 'तो मुलगा' यांच्या मालकीच्या वस्तू दाखवताना मराठी दोघांनाही 'त्याचं'च म्हणते. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांचा साचा एकच, 'त्या'. 'ती'चा वेगळा. इंग्रजीत मात्र साचे तीन, हिज, हर आणि इट्स. आपल्या डोक्यात 'इट्स'साठी स्वतंत्र खण नसतोच, तो मुद्दाम करावा लागतो.

गंमत म्हणजे हा खण इंग्रजीतही पूर्वी नव्हता. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी नामालाही 'हिज'च लावत. 'इट्स' हा शब्द रुळायला लागला सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीत 'इट्स' नाही. मीठ आपली चव गमावतं असं जिथे म्हटलंय तिथे मिठाला 'हिज' आहे. म्हणजे माझा मेल चारशे वर्षं उशिरा गेला, एवढंच. हे कळलं त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की आईला हाक मारून सांगितलं. आई म्हणाली, "मग त्यांना कळव की." नाही कळवलं.

'इट्स'वरच्या अपॉस्ट्रॉफीचा घोळही तसाच जुना. अठराव्या शतकापर्यंत चांगले चांगले लेखक मालकीच्या 'इट्स'वरही तो द्यायचे. आज नियम सरळ आहे. रामाचं, टीमचं, असं नामाला 'चं' लावायचं तर अपॉस्ट्रॉफी येतो. सर्वनामाला येत नाही. 'हिज'मध्ये नाही, म्हणून हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स आणि इट्स यांतही नाही. शंका आली तर 'इट इज' म्हणून वाचून बघायचं. अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफी द्यायचा, नाही लागला तर काढायचा.

*

त्या वहीत पुढे बऱ्याच चुका जमा झाल्या. काही माझ्या, काही शेजारच्या डेस्कवरच्या.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या मेलमध्ये एकाने 'सर अँड देअर वाइफ' असं लिहिलं. मराठीत 'सर आणि त्यांच्या मिसेस' हे बरोबरच आहे, आदर म्हणून आपण अनेकवचन वापरतो. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो की या बाई नक्की किती जणांच्या? तिथे 'हिज' लिहिलं तरी सरांचा अपमान होत नाही, हे मनाला पटायला वेळ लागतो.

दुसरी चूक, मालकी गाळण्याची. "हात धुतले, डबा घेतला, आईला फोन केला." कुणाचे हात, कुणाचा डबा, कुणाची आई, मराठीत सांगावंच लागत नाही. इंग्रजीत प्रत्येकाला 'माय' जोडावं लागतं. माय हँड्स, माय टिफिन, माय मदर. सुरुवातीला हे मला फार आपमतलबी वाटायचं. मराठीत "मला एक भाऊ आहे" आणि "माझ्याकडे गाडी आहे" यांत फरक आहे. गाडी माझ्याकडे असते, भाऊ मला असतो. इंग्रजी दोन्हीकडे 'हॅव' म्हणते.

उलट बाजूने, काही ठिकाणी आपण जास्त सांगतो. 'हिज सिस्टर' म्हटलं की मालक पुरुष आहे एवढं कळतं, आणि 'हिज'चं रूप भावासाठीही तेच राहतं. हिंदीत 'उसकी बहन' म्हटलं की बहीण स्त्री हे कळतं, पण 'उस' म्हणजे तो की ती हे कळत नाही. मराठीत 'त्याची बहीण', 'तिची बहीण', 'तिचा भाऊ'. शब्दाच्या डोक्यात मालकाचं लिंग, शेपटीत मालकीच्या गोष्टीचं. त्यामुळे हिज आणि हर यांत खरं तर मराठी माणसाने चुकू नये. फक्त शेपटीकडे न बघता डोकं बघायचं.

आणि मग 'आपला'. याला इंग्रजीत जोडच नाही. "तिने आपला लॅपटॉप आणला" म्हणजे स्वतःचा. "तिने तिचा लॅपटॉप आणला" म्हटलं तर दुसऱ्याच कुणा तिचा असू शकतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'हर लॅपटॉप'. एकदा मी अहवालात लिहिलं की टेस्टरने डेव्हलपरला 'हर' स्क्रिप्ट चुकल्याचं सांगितलं. दोघीही बायका. स्क्रिप्ट कुणाची यावर अर्धा तास कॉल चालला. तेव्हापासून शंका असेल तिथे मी सर्वनाम टाळते आणि नाम पुन्हा लिहिते. वाक्य दिसायला बोजड होतं, पण कुणाच्या गळ्यात भलतंच पडत नाही.

'आपला'चा दुसरा अर्थ, तुझा आणि माझा मिळून. 'आमचा' म्हणजे माझा आणि माझ्या माणसांचा, ऐकणारा सोडून. हा भेद हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. माझ्या टीममध्ये चेन्नईची एक जण आहे. तिला हे समजावायला गेले तर ती म्हणाली, त्यात काय, 'एंगळ' आणि 'नम्म'. तमिळमध्ये अगदी हाच भेद आहे. आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये बराच वेळ एकमेकींना उदाहरणं देत बसलो. 'आमची मुंबई' असं बाहेरून आलेल्याला सांगितलं की व्याकरणानेच त्याला बाहेर ठेवलं जातं, आणि 'आपली मुंबई' म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीत दोन्ही 'अवर'. म्हणून मीटिंगमध्ये क्लायंट 'अवर डिसिजन' म्हणाला की त्यात आपण आहोत की नाही, हे नंतर विचारून घ्यावं लागतं.

*

आता मार्चमधली गोष्ट.

आमच्याकडे वर्षाअखेरीस प्रत्येकाने आपल्या कामाचा आढावा लिहायचा असतो. त्या वर्षी मी एक मोठं काम केलं होतं. रात्री चालणारा एक जॉब सहा तास घ्यायचा आणि सकाळी अहवाल उशिरा निघायचे. मी तीन महिने त्याच्यामागे लागले, अर्ध्या क्वेरी नव्याने लिहिल्या आणि तो चाळीस मिनिटांवर आणला. आढाव्यात मी लिहिलं, 'अवर टीम'ने 'अवर जॉब'चा वेळ कमी केला. एका सहकाऱ्याने त्यातला काही कोड तपासला होता. त्याने आपल्या आढाव्यात लिहिलं, 'माय' ऑप्टिमायझेशन.

मॅनेजरने दोन्ही कागद वाचले होते. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं, निदान माझ्या कागदात तरी. त्यांनी मला विचारलं, "यातलं तुझं काय?" मी म्हटलं, "सर, सगळ्यांनी मिळून केलं." ते म्हणाले, "एकोणीस वेळा 'अवर' आहे. 'माय' एकदाही नाही. मी वर काय सांगू?" श्रेणी मिळाली, अपेक्षेनुसार. त्याला मिळाली, अपेक्षेपेक्षा उत्तम.

त्या संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला आले आणि डोंबिवलीची गाडी पकडली. लेडीज डब्यात सीट कशी मिळते हे रोज प्रवास करणारीला सांगायला नको. चढल्या चढल्या विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणाली डोंबिवली, तर उपयोग नाही. ती म्हणाली मुंब्रा, की लगेच, "मग ही माझी." ती अजून बसलेलीच असते, पण त्या क्षणापासून सीट तुमची. नंतर आलेलीला शेजारच्या बायका सांगतात, "ती यांची आहे." इथे मी कधी चुकत नाही. इथे मी "आमची" म्हणत नाही. दहा वर्षं मी या डब्यात 'माइन' आणि 'हर्स' अचूक वापरते आहे, कारण न वापरून चालत नाही. मग कागदावर मला काय होतं?

मला वाटतं, घरात 'मी' म्हणायची सवयच नसते. मी म्हटलं की 'मी मी करते' हा शेरा ठेवलेलाच. आई तर स्वतःबद्दलही बहुवचनात बोलते. "आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण नसतो." "आमच्याकडे भाजीत गूळ घालतात." घालते ती एकटीच.

आढाव्यावर म्हणणं मांडायला चार दिवस होते. मी एकोणीस 'अवर' समोर ठेवले आणि एकेकाला विचारलं, हे खरंच कुणाचं? सात 'माय' झाले. बारा 'अवर'च राहिले, कारण ते खरोखर सगळ्यांचे होते. तीन ठिकाणी सहकाऱ्याचं नाव घालून त्याने काय तपासलं ते लिहिलं. श्रेणी बदलली नाही. मॅनेजर म्हणाले, पुढच्या वर्षी असंच लिही. मला राग आला होता, आणि थोडं बरंही वाटलं होतं. पहिल्यांदाच तो कागद खरा झाला होता.

*

त्याच चार दिवसांत बाबांनी पट्टी धरून 'अवर' खोडलं.

मी बाबांना विचारलं, "हे घर घेतलं तेव्हा हप्ते कोणी भरले?" ते म्हणाले, "पतपेढीचं कर्ज होतं. मीच भरले." मग थांबून म्हणाले, "घरखर्च हिने चालवला, म्हणून भरता आले." घर १९९६ सालचं, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचं. आई तेव्हा एका पोळी-भाजी केंद्राला पोळ्या करून द्यायची, रोजच्या दीडशे, आणि दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी. हिशेबाची वही अजून कपाटात आहे. मी ती काढली. कणीक किती, तेल किती, आले किती. काही महिन्यांच्या शेवटी तिच्या अक्षरात एक ओळ, 'हप्त्यात दिले', आणि पुढे आकडा.

बाबांनी वही बराच वेळ बघितली. म्हणाले, "हे माझ्या कधी लक्षातच नाही आलं गं. आपलंच आहे ना सगळं."

मला बाबांचा राग येत नव्हता. ते खोटं बोलत नव्हते. ते खरंच गेली तीस वर्षं "आपलं घर" म्हणत आले आहेत, एकदाही "माझं घर" म्हणालेले नाहीत. शाळेत आपल्याला षष्ठी विभक्ती शिकवतात, चा-ची-चे, आणि तिचा अर्थ सांगतात 'संबंध'. इंग्रजीत त्याच रूपांना नाव आहे 'पझेसिव्ह', म्हणजे ताबा, मालकी. मला मराठीचं नाव जास्त आवडतं. माझी आई, माझा भाऊ, माझं गाव, यांत मालकी कसली? पण घर, पगार आणि केलेलं काम यांच्याशी नुसता संबंध असून भागत नाही. 'आपलं' इतका प्रेमळ शब्द आहे की तो वापरला की कागद तपासावासा कुणालाच वाटत नाही. आईला तीस वर्षांत वाटला नाही. मला एकोणीस वेळा वाटला नाही.

बाबांनी मग स्वतःच चौकशी केली. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोच्या किंवा आई-वडिलांनी मुलांच्या नावे बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. नोंदणी आणि इतर खर्च वेगळा, पण तो परवडण्याजोगा. वकिलांनी अर्ध्या हिश्शाचा मसुदा मराठीतच करून दिला. बाबा 'लिहून देणार', आई 'लिहून घेणार'. आईने चष्मा लावून तो मोठ्याने वाचायला घेतला आणि पहिल्याच शब्दाला थांबली.

"बक्षीसपत्र? बक्षीस कसलं?"

"कायद्यात तसंच म्हणतात," बाबा म्हणाले.

"अहो, पण अर्धं माझंच होतं ना? माझं मला बक्षीस कसं देणार?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वकिलांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, शीर्षक बदलता येणार नाही. आई "बरं" म्हणाली, पण यावेळी कागद खाली ठेवला नाही. पुढचं सगळं वाचून काढलं, दोन ठिकाणी स्वतःच्या नावातली शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि मग म्हणाली, "कधी जायचंय?"

पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. त्यानंतर सोसायटीला संमतीचा फॉर्म पुन्हा द्यावा लागेल. त्याची कोरी प्रत मी आणून ठेवली आहे. यावेळी 'आय' आणि 'माय' खोडायचं आहे.